उत्तम खरातची मजुरी

"...पन खर्च खरा आन् पावती खोटी, तर पाप लागतं का न्हाई? तेवढंच सांगा बुवा."

दिगंबर रुपनवरानं हे तिसऱ्यांदा इचारलं.

भिवगीरबुवा मठाच्या पडवीत बसून मिरच्यांची देठं खुडत हुते. त्यांनी वर बघितलं न्हाई.

"कुठला खर्च?"

"मजुरी, बुवा. आपल्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याची. दोन वर्सं झाली की. मराठवाड्यातनं मजुरांची टोळी आनली हुती. रोख पैसं दिलं, टोळी गेली. आता टॅक्सचा सायेब म्हनतो, मजुरी दिली तर सह्या-अंगठे दाखवा. अंगठे न्हाईत तर खर्च न्हाई. खर्च न्हाई तर ती समदी रक्कम माझी कमाई. तिच्यावर टॅक्स, आन् वर दंड."

"मंग?"

"मंग काय... काँक्रीटचा मिक्सर इकायचा. ट्रॅक्टर इकायचा. ठेकेदारीचं लायसन बी जायाचं. गुरवारी तारीख हाय बुवा. शेवटची."

बुवांनी आनखी एक मिरची घेतली.

दिगंबर आमच्याच वाडीचा. मोऱ्या, बंधारं, शाळेच्या भिंती असलं बारीक ठेकं घेतो. गळ्यात बुवांनी घातलेला रुद्राक्ष, खिशाला चार पेनं. मठाचं पत्रं त्येनंच बदललं, आन् बदलल्यापास्नं आल्या-गेल्याला वर बघाया लावतो.

आन् पावत्यांचं तर त्येला येडच. डिझेलची पावती, खिळ्यांची पावती, दोरीची पावती. टपरीवाला चहाची पावती देईना, तर ह्यो सिगारेटच्या पाकिटावर लिहून घ्यायचा. वाडीत म्हनायचे, दिगंबर शिंकला तरी पावती मागतोय.

"मी चोर न्हाई बुवा," त्यो म्हनला. "दुसरं ठेकेदार पंपावरनं कोरी बिलं आनत्यात. घरी बसून भरत्यात. चहाचं पानी लावून उनात वाळवत्यात, जुनी दिसावीत म्हनून. म्या असलं कधी केलं न्हाई. ह्ये बघा की..."

त्येनं पिशवी पालथी केली. महिन्या-महिन्याचं प्लास्टिकचं पाकीट. मिरच्यांच्या शेजारी पावत्यांचा ढीग झाला.

बुवांनी एक उचलली. लांब धरली.

"ही कशाची?"

"बोकडाची. पाया खनायच्या आधी द्यावा लागतो न्हवं का. जनावरांच्या बाजारात घेतला हुता. साइटच्या खर्चात दाखवलाय."

"वाच."

"आता ती कशाला..."

"वाच."

दिगंबरनं वाचली. "बोकड एक. रंग काळा. कपाळावर पांढरा टिक्का. डाव्या कानाला खाच."

"चांगली हाय," बुवा म्हनले. "आता मानसांची वाच."

"मानसांची न्हाई बुवा. तेच तर सांगतोय."

"काळी हुती का गोरी?"

दिगंबर पावत्या चाळाया लागला.

"नावं?"

"टोळी हुती बुवा. गडी, बाया, लेकरं. आज हा, उद्या त्यो. नावं मुकादमाला म्हाईत."

"पैसं कुनाला दिलं?"

"मुकादमालाच. एकरकमी. खंडोबाच्या देवळापुढं दिलं, खंडोबाची आन. एक पैसा ठेवला न्हाई."

"त्येनं त्यांना दिलं?"

"देनारच की!"

बुवांनी पावती परत त्या ढिगावर ठेवली, आन् मिरची घेतली.

मी चुलीपाशी हुते, मठाचा सैपाक माझ्याकडंच. माझ्या जिभेला हाड न्हाई, समद्या वाडीला म्हाईत हाय. म्हनलं, "दिगंबर, सायबाला बोकडच दाखीव. म्हन, सायेब, समदा बंधारा ह्या एकट्यानं बांधला. कानाची खाच बघून घ्या."

"आत्ते, कळत न्हाई त्यात बोलू नगं."

"बरं बाबा."

त्यो परत बुवांकडं वळला. "बुवा, मी पैसं दिल्यात. हे खरं हाय. मंग ह्या खऱ्याला एक कागूद जोडला तर..."

बुवा उठले. मिरच्यांचं सूप काखेला मारलं आन् उनात पसराया गेले.

दिगंबर पावत्या गोळा करत बसला. ज्या-त्या महिन्याच्या पाकिटात घालत. जाताना माझ्यापाशी थांबला.

"आत्ते, बुवा न्हाई म्हनले न्हाईत. म्हनले का?"

"व्हय तरी कुठं म्हनले?"

"न्हाई म्हनले न्हाईत, म्हंजे व्हयच."

"तुज्या शाळेत असं शिकवायचे व्हय रं? बरं झालं, मी दुसरीतच सोडली."

हसला न्हाई. फटफटीला लाथ मारली आन् गेला.

सोमवारी मठात भंडारा असतो. ज्येची ऐपत त्यो घालतो, न्हाईतर मठातली आमटी-भाकरी हायच. त्या सोमवारी दिगंबर म्हनला, ह्या टायमाचा माझ्याकडनं. गव्हाची खीर, वर तुपाची धार. खालची वाडी, वरची वाडी, मेंढरं घेऊन चाललेली मानसं, समदी पंगतीला बसली.

जेवून उठलं की हात धुयाला हौद. आन् हौदाच्या कडंला दिगंबर. पुढ्यात टेबल, टेबलावर निळ्या शाईचा प्याड, आन् छापील व्हाऊचरांचा गठ्ठा. एकेकावर पावतीचं सरकारी तिकीट चिकटवलेलं. महिनाभर दगड बसवनी, मजुरी रोख पोचली, असं समदं आधीच लिहून ठेवलेलं. निसता अंगठा बाकी.

"काय हाय रं ह्ये?" लोक इचारायचे.

"मठाचं काम हाय. हान अंगठा."

बुवांच्या मठाचं म्हनल्यावर कोन मागं सरंल? लोक वल्या हातानं अंगठा हानत हुते आन् धोतराला पुसत हुते.

मी वाकून बघितलं, तर एवढी नावं आनली कुठनं? प्याडाखाली एक लग्नाची पत्रिका. निमंत्रक म्हनून भावकी, सोयरे, गावोगावचे पावने छापलेले नसत्यात का? त्यातलं एकेक नाव उचलायचा आन् व्हाऊचरावर टाकायचा. टोळीतल्या एका बी मानसाचं नाव आठवंना, मंग बिचारा काय करंल?

म्हनलं, "दिगंबर, माझा घे की. पन पायाचा चालंल का? हाताचा लई कामात असतो."

"आत्ते, गप हाताचा दे."

"मी कोन हाय त्यात?"

त्येनं पत्रिका बघितली. "शहाजी."

"अरं मुडद्या, मी बाईमानूस!"

"थांब, थांब..." त्यो पत्रिकेवरनं बोट फिरवाया लागला. पत्रिकेत बायांची नावं कुठं असत्यात? समदी बापय. शेवटी एकच गावली. नवरी.

"पल्लवी," त्यो म्हनला. वर न बघता.

मागं उभी ऱ्हायलेली मानसं हसाया लागली. मी पदर डोक्यावर घेतला, लाजल्यावानी केलं, आन् अंगठा पुढं करनार, एवढ्यात माझ्या मागनं एक हात आला.

वाळकुंडा. मिरचीनं बोटं लालसर.

हसनं थांबलं.

"बुवा..." दिगंबर उभा ऱ्हायला. "तुमी कशाला?"

"जेवलो न्हवं का?"

"तुमचा नगं बुवा."

"का? माझा अंगठा उठत न्हाई?"

दिगंबरनं एक व्हाऊचर म्होरं घेतलं.

"मी कोन?" बुवांनी इचारलं.

दिगंबर पत्रिकेकडं बघत ऱ्हायला. बोट कुठं ठेवावं ते त्येला कळंना. "उत्तम," त्यो म्हनला. "उत्तम खरात."

"काम?"

"दगड बसवनी."

"किती दिस?"

"महिना."

"पैसं पोचलं?"

दिगंबरच्या हातातलं पेन थांबलं.

"तसं... लिहिलंय बुवा."

बुवांनी अंगठा प्याडावर दाबला. मंग कागदावर. लई येळ दाबून धरला, वाटलं आता टेबलाला भोक पाडत्यात. मंग अंगठा उचलला आन् डोक्याच्या केसाला पुसला, गडी मानूस पुसतो तसा.

खांद्यावरची भगवी छाटी काढली. डोक्याला गुंडाळली.

आन् ओढ्याच्या वाटंनं चालाया लागले.

समद्यांना वाटलं, चूळ भराया गेले.

बंधारा मठातनं दिसतो. गेल्या पुरात त्येच्या खालच्या अंगाचं दगड सरकल्यात, पार ओढ्यात पसरल्यात. काम पास झालेलं, बिल निघालेलं. मंग त्या दगडांकडं कोन बघतंय?

थोड्या येळानं धनगराचा एक म्हातारा म्हनला, "आत्ते, बुवा खाली करत्यात काय?"

बघितलं तर बुवा गुडघाभर चिखलात. एक दगड पोटाशी धरलेला. त्यो दगड चांगला तरनाताठा गडी उचलताना इचार करंल. आन् आमच्या बुवांना दमा. मठाच्या पायऱ्या चढताना दोनदा टेकत्यात.

दिगंबर टेबल तसंच टाकून पळाला. मागनं मी. मागनं मानसं.

"बुवा! अवो बुवा!"

बुवांनी दगड बसवला. हातानं हलवून बघितला. दुसऱ्याकडं गेले.

"बुवा, काय करताय ह्ये? वर या!"

तवा ते थांबले. मागं वळून बघितलं, आपल्या मागं आनखी कोन उभं हाय का म्हनून. मंग दिगंबरकडं बघून हात जोडलं.

"कुनाला हाक मारताय मालक? हितं बुवा न्हाईत. मी उत्तम."

मला हसू यायला पायजे हुतं. मी आयुष्यभर असल्याच गमती केल्यात. पन ते हात जोडून उभं ऱ्हायलेलं मानूस बघितलं आन् हसू आलं न्हाई.

"बुवा, थट्टा करू नगासा."

"थट्टा कशी करू मालक? महिन्याची मजुरी घेतली म्हनून अंगठा दिलाय. काम कराया नगं?"

"काम झालंय! दोन वर्सं झाली. पास झालंय!"

"मंग म्या मजुरी कशाची घेतली?"

बुवा वाकले. दगडाखाली बोटं घातली. खोकला आला, तसं दगडावरच टेकले, खोकला सरूस्तवर. परत बोटं घातली.

दिगंबर मठाकडं पळत गेला. गठ्ठा घेऊन आला. बांधावर उभा ऱ्हाऊन वरडला, "ह्ये बघा! फाडतो! समदं फाडतो!"

"फाडा की," बुवा म्हनले. "कागूद तुमचा हाय मालक. आमचा निसता अंगठा."

"फाडला म्हंजे झालं ना? मंग वर या."

"फाडला म्हंजे आमी राबलोच न्हाई व्हय मालक?"

दिगंबरच्या हातात गठ्ठा तसाच ऱ्हायला. फाडता बी येईना, धरता बी येईना.

बांधावर मानसं उभी हुती. अंगठं निळं. कुनी खाली उतरंना आन् कुनी माघारी जाईना. एकजन दुसऱ्याला हळूच म्हनला, आपल्याला बी बोलावनार का काय रं?

दिगंबर चिखलात उतरला. प्यांट-चप्पल काय बघितलं न्हाई. बुवांच्या म्होरं जाऊन उभा ऱ्हायला.

"मी पैसं दिल्यात," त्यो म्हनला. आवाज बारीक झाला हुता. "तुमी तरी इस्वास ठेवा. मी मुकादमाच्या हातात दिल्यात. देवळापुढं."

बुवांनी त्येच्याकडं बघितलं. डोळ्यात वळख न्हाई. गडी मानूस मालकाकडं बघतो तसं, पायाकडं बघून परत तोंडाकडं.

"आमास्नी काय ठावं मालक? मुकादम तर म्हनला, मालकानं दिलं न्हाईत."

"...काय?"

बुवा दगडाला लागले.

"काय म्हनला मुकादम? कवा म्हनला? तुमाला कुनी सांगितलं?"

दगड उचलला. नेला. बसवला.

"बुवा! तुमाला म्हाईत हाय का उगं म्हनताय?"

बुवांनी त्येचं उत्तर दिलं न्हाई. टोळी हुती तवा ती मठाच्या हौदावरनं पानी न्यायची, हे खरं. बुवा त्या बायांशी बोलत बसायचे, हे बी खरं. पन कुनी काय सांगितलं का, ते मला ठावं न्हाई. म्या नंतर इचारलं, तर माझ्याच अंगावर आले. म्हनले, आमटीत मीठ घातलंय का बघ.

दिगंबरनं तिथंच चिखलात उभा ऱ्हाऊन मुकादमाला फोन लावला. आतली बाई म्हनली, ह्यो नंबर बंद हाय. परत लावला. परत ती बाई.

फोन खिशात घातला. मंग बुवा ज्या दगडाला लागले हुते त्येच्या दुसऱ्या अंगाला जाऊन वाकला.

"ऱ्हाऊ द्या मालक," बुवा म्हनले. "हाताला लागंल."

"मालक म्हनू नगासा."

"मंग काय म्हनू?"

दिगंबरनं दगडाखाली बोटं घातली.

दिस मावळायला बुवा वर आले. मठात आले न्हाईत. बांधाच्या कडंला करंज हाय, त्येच्या बुडाशी छाटी हातरली. मी ताट वाढून नेलं, तर म्हनले, "बाई, मठातलं ताट साधुलोकांचं. आमी गडी मानसं. फडक्यात भाकरी द्या."

मी म्हनलं, "उत्तम, चटनी तरी घेतोस का? का तीबी मुकादमाला देऊ?"

हसले न्हाईत. पन चटनी घेतली.

दिगंबर बाजूला उभा हुता. हाताची सालटं गेलेली. मला म्हनला, "आत्ते, टोळी झोपायची कुठं गं?"

"हितंच. करंजाखाली."

"लेकरं?"

"लेकरं बी हितंच. पाऊस आला की मठाच्या पडवीत. आता इचारतोस व्हय रं?"

मंगळवारी परत तेच. उजाडल्याबरुबर बुवा चिखलात. वाडीतली म्हातारी मानसं आली, पाया पडली, "बुवा, ह्या पोराची चूक झाली, माफ करा." बुवा म्हनले, "कोन पोरगा? मालक का? चांगले हायत की मालक."

मानसं दिगंबरकडं बघाया लागली. त्या बघन्यापरीस शिव्या बऱ्या.

दोनचार जनांनी पायातलं काढलं आन् दगडाला हात घातला. बुवांनी त्यांना न्हाई म्हनलं न्हाई. व्हय बी म्हनलं न्हाई.

दुपारी दिगंबरचा फोन वाजला. त्येचा सीए. शहरातला मानूस, फोनमधनं सुदिक कडक इस्तरीचा वाटतो.

"काय रुपनवर, अंगठे झाले?"

"झालं."

"सगळे?"

"समदं."

"मग आणा ना उद्या संध्याकाळपर्यंत. परवा सकाळी अकराला साहेबांसमोर ठेवायचेत."

दिगंबरनं बुवांकडं बघितलं. बुवा दगड हलवत हुते, त्यो हलंना. छातीतनं आवाज येत हुता, वल्या लाकडाच्या जाळावानी.

"ऐकताय ना रुपनवर?"

"ऐकतोय."

फोन ठेवला. दगड दोघांनी हलवला.

त्या सांजंला बुवांच्या अंगात कसकस हुती. मी काढा केला. त्यो बुवांनी घेतला. म्हनलं, "आता मठात चला, उद्या परत उत्तम व्हा." मान हलवली, न्हाई म्हनून. दिगंबर करंजाच्या खोडाला टेकून बसला हुता. त्येनं बुवांच्या कपाळावर हात ठेवून बघायला हात पुढं केला, आन् मागं घेतला. गुरूच्या कपाळाला हात कसा लावायचा? आन् गड्याच्या लावायचा, तर आजवर कवा लावला हुता?

बुधवारी उजाडताच दिगंबर मठात आला. धुतलेली कापडं, खांद्याला पिशवी. पावत्यांची न्हाई. कापडाची.

व्हाऊचरांचा गठ्ठा माझ्या चुलीपाशी ठेवला.

"घाल ह्ये चुलीत."

"समदं? पल्लवीचं बी?"

"आत्ते..."

"घालते बाबा."

तेवढ्यात फोन वाजला. सीए एवढ्यानं वरडत हुता की चुलीपतुर ऐकाया येत हुतं. "वेड लागलंय का? उद्या तारीख आहे आणि तुम्ही आज परगावी? एकतर्फी निकाल लागेल! सगळा खर्च उडवतील! लायसन्स, मशीन, काही राहणार नाही. मी सांगतोय तुम्हाला..."

"व्हय सायेब," दिगंबर म्हनला. "सांगितलंत तुमी. मी ऐकलं."

आन् फोन बंद केला.

म्या गठ्ठा चुलीत सारला. शाईचा कागूद निळसर जळतो. भाकरी मातर नेहमीसारखीच भाजली. त्यातल्या दोन त्येच्या पिशवीत घातल्या.

त्यो ओढ्याकडं निघाला. मी मागनं गेले. काढ्याचं भांडं आनायचं हुतं, म्हनून.

बुवा चिखलात उभे. अंगात ताप, तरी उभे. हातात ल्हान दगड, मोठा आता उचलवत न्हवता.

दिगंबरनं चपला बांधावर काढल्या. खाली उतरला. म्होरं उभा ऱ्हायला, आन् हात जोडलं.

"उत्तमराव," त्यो म्हनला.

बुवांचा हात थांबला.

"उत्तमराव, मी निघालो. मुकादमाच्या गावाला. तिथनं टोळीचं तांडं, वस्त्या जिथं असतील तिथं. एकेकाच्या दारात जातो. नाव इचारतो. पैसं पोचलं का, इचारतो."

"न्हाई पोचलं तर?"

"मिक्सर हाय अजून."

"आन् पोचलं असलं तर?"

"तर अंगठा मागतो. द्यायचा तर देतील."

"सायेब उद्या बसनार."

"बसू द्या. काय लिहायचं ते लिहील."

बुवांनी हातातला दगड जाग्यावर बसवला. हलवून बघितला. मंग त्याच दगडावर बसले. डोक्याची छाटी सोडली, झटकली, खांद्यावर टाकली. श्वास पुरंना, म्हनून डोळं मिटून घेतलं.

दिगंबर हलला न्हाई. ओढ्याच्या पल्याड कुनाची तरी म्हस हंबरली. ऊन वर चढाया लागलं हुतं आन् त्येला यस्टी गाठायची हुती, पन त्यो उभाच.

लई येळानं बुवांनी डोळं उघडलं. त्येच्या सालटलेल्या हाताकडं बघितलं. मंग तोंडाकडं.

"दिगंबर."

"जी बुवा?"

"पानी पिऊन जा. तिथं कुनी पानी इचारंल का न्हाई, सांगता येत न्हाई."